ठाण्यात नव्या संगीताला श्रोते कुठून आणायचे?

प्रश्न नौपाड्यातल्या पाच तरुण वादकांचा आहे. व्हायोलिन, चेलो, बासरी, तबला आणि लॅपटॉपवरचं इलेक्ट्रॉनिक संगीत असा त्यांचा संच. स्वतःच्या रचना वाजवतात, शिवाय विसाव्या शतकातल्या काही पाश्चात्त्य रचना. आतापर्यंत कार्यक्रमांना आले ते मित्र आणि नातेवाईक, आणि त्यांतल्याच एका काकांनी अर्ध्या तासानंतर विचारलं, ‘जुळवाजुळव झाली का? सुरू कधी करताय?’ वादकांचं म्हणणं असं: नवा श्रोता मिळवायचा कसा, त्यासाठी फ्यूजन करावं का, आणि इन्स्टाग्रामवर पैसे टाकण्यात काही अर्थ आहे का?

ठाणे ते वाशी या पट्ट्यात मी बरीच वर्षं छोटे कार्यक्रम लावतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्यूजनचं आधी मिटवून टाकू. मनापासून करावंसं वाटत असेल तर जरूर करा, पण गर्दीसाठी आमिष म्हणून नको. यमनच्या मुखड्याखाली ड्रम्स ऐकून जो माणूस आला, तो पुढच्या वेळी तेच मागायला येतो. त्याला तुमच्या चेलोच्या रचनेपर्यंत नेणारा रस्ता त्यातून निघत नाही. उलट तुमच्यातला तबलजी कंटाळतो आणि सहा महिन्यांत संच फुटतो.

आता मूळ मुद्दा. ‘आपल्या लोकांना हे झेपणार नाही’ हे मला अजिबात पटत नाही. गायक राम मराठ्यांचं हे गाव. महापालिका त्यांच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सव भरवते, आणि तिथे विलंबित ख्याल पाऊण तास चालला तरी लोक जागचे हलत नाहीत. पाऊण तास एक राग, एक बंदिश, शब्द जेमतेम दोन ओळींचे! इतकं अवघड ऐकण्याची सवय असलेला श्रोता तुमच्या दहा मिनिटांच्या रचनेला का चुळबुळतो? कारण ख्यालात आपण कशाची वाट पाहतोय हे त्याला माहीत असतं. सम येणार आहे, तार षड्ज लागणार आहे, नंतर द्रुत सुरू होणार आहे. तुमच्याकडे त्याला हे काहीच माहीत नसतं. मान कुठे हलवायची, दाद कुठे द्यायची, संपलं कधी म्हणायचं, सगळं अधांतरी. त्याला संगीताचा त्रास होत नाही, तो अवघडतो. चारचौघांत आपल्यालाच कळत नाहीये असं वाटलं की माणूस मोबाइल काढतो.

म्हणून प्रत्येक रचनेआधी श्रोत्याच्या हातात एकच गोष्ट द्या: कशाची वाट पाहायची. संगीतकाराचं चरित्र नको, सिद्धांत तर नकोच.

उदाहरण घेऊ. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची ‘क्लॅपिंग म्युझिक’ ही 1972 सालची रचना फक्त टाळ्यांची आहे, दोन माणसं लागतात. नमुना बारा मात्रांचा: तीन टाळ्या, एक मात्रा गप्प, दोन टाळ्या, गप्प, एक टाळी, गप्प, दोन टाळ्या, गप्प. एक जण हा नमुना शेवटपर्यंत जसाच्या तसा धरून ठेवतो. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एका मात्रेने पुढे सरकतो, मग आणखी एका मात्रेने, असं करत करत बाराव्या सरकण्याला पुन्हा पहिल्याच्या जोडीला येऊन बसतो. संपलं. बारा मात्रा म्हटल्यावर आपल्या माणसाला एकताल आठवतो आणि तो सैलावतो. आधी सगळ्या सभागृहाकडून नमुना चार वेळा वाजवून घ्या. मग एवढंच सांगा: ‘दोघं एकत्र निघणार, सुटणार, आणि शेवटी पुन्हा भेटणार. कधी भेटतात ते बघा.’ चार-पाच मिनिटांची ही रचना ठाण्यातल्या तबला शिकणाऱ्या मुलांसमोर वाजली की शेवटच्या आवर्तनाला ‘आहा’ येतोच, अगदी समेवर येतो तसा.

आणि मग तीच रचना पुन्हा वाजवा. लगेच किंवा कार्यक्रमाच्या शेवटी. हा माझा हट्ट आहे, पण शोध माझा नाही. 1918 साली संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी व्हिएन्नात नव्या संगीतासाठी एक खाजगी मंडळ काढलं. भरपूर तालमी, रचनांची पुनःपुन्हा वादनं, टीकाकारांना प्रवेश बंद, आणि आज काय वाजणार हे आधी सांगायचं नाही, म्हणजे लोक नावं बघून गैरहजर राहणार नाहीत. टाळ्यांनाही मनाई होती. ते मंडळ तीनेक वर्षंच चाललं, पण पुनर्वादनाची कल्पना आजही सोन्यासारखी आहे. पहिल्यांदा ऐकताना माणूस फक्त वाट शोधत असतो, संगीत त्याला दुसऱ्यांदा ऐकू येतं. टाळ्यांवरची बंदी मात्र आपल्याकडे आणू नका. मध्येच कुणी ‘क्या बात है’ म्हणालं तर वादकांनी कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत. दाद दिली की श्रोता खोलीतला होतो.

दुसरं उदाहरण तंबोऱ्याचं, आणि मला स्वतःला सगळ्यांत आवडणारं. खरा तंबोरा आणा, मोबाइलमधला नको. तारांना झंकार देणारी जवारी नीट लागलेली असू द्या. पंखे बंद करा आणि फक्त खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या षड्जाची तार छेडा, सावकाश, पुन्हा पुन्हा. मग विचारा, गंधार ऐकू येतोय का? तार षड्जाची, पण त्यातून गंधार निघतो. स्वयंभू गंधाराबद्दल इथल्या श्रोत्याने पुष्कळ वाचलेलं असतं, गुरुजींकडून ऐकलेलं असतं. प्रत्यक्ष कान देऊन शोधायची वेळ फार थोड्यांवर आलेली असते. पहिल्या रांगेतल्या एखाद्या बाईंना तो सापडतो, त्या शेजारणीला हळूच सांगतात, आणि हळूहळू सगळ्यांचे कान त्या एका तारेच्या आत शिरतात. तो गंधार म्हणजे खर्जाचा पाचवा उपस्वर, मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या बारीक स्वरांपैकी एक, हे एका वाक्यात सांगून टाका.

आता याच्या लगेच पुढे फ्रेंच संगीतकार जेरार्ड ग्रिझे यांच्या ‘पार्सिएल’ची सुरुवात ऐकवा, चांगल्या स्पीकरवर. 1975 सालची ही रचना. ग्रिझे यांनी ट्रॉम्बोनच्या एका खालच्या स्वराचे उपस्वर यंत्राने तपासले आणि ते वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले. म्हणजे एका स्वराच्या पोटात जे असतं तेच अख्खा वाद्यवृंद उलगडून दाखवतो. तंबोऱ्याआधी हे ऐकवलंत तर लोकांना गोंगाट वाटेल. तंबोऱ्यानंतर ऐकवलंत तर ते पुढे सरकून बसतात. तुमच्या स्वतःच्या ज्या रचनेत व्हायोलिन आणि चेलो एकच स्वर पाच मिनिटं धरून ठेवतात, तिची जागा यानंतर आहे.

चर्चेत एक गृहस्थ उठतील आणि म्हणतील, ‘हे सगळं आमच्या सामगायनात होतंच.’ वाद घालू नका. ‘पुढच्या महिन्यात तुम्हीच त्यावर दहा मिनिटं बोला’ म्हणा. एक तर ते खरंच तयारी करून येतील, नाही तर गप्प बसतील. दोन्ही चांगलं.

परकेपणाची भिंत मात्र खरी आहे, आणि ती पाडायला आपल्याकडे चांगला मसाला आहे. 1946 साली अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या. त्यांनी अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी गुंफण्याचं तंत्र, शिकून घेतलं. केज यांची त्यानंतरची पियानोवरची मोठी रचना थेट आपल्या नवरसांवर बेतलेली आहे. 1969 साली अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर हे विजेवर आवाज घडवणारं वाद्य आलं, केज यांचे साथीदार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभारून दिला, आणि आपल्या लोकांनी त्यावर रचना केल्या. त्या टेप्स पुढे अनेक वर्षं पडून होत्या, 2023 साली प्रसिद्ध झाल्या. ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करून घरी मॉड्युलर सिंथ जोडत बसणारी जी पोरं आहेत, त्यांच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ फक्त या विषयावर होऊ शकते. चाळिशीच्या पुढच्यांसाठी वनराज भाटिया आहेत. लंडनच्या रॉयल अकादमीत आणि पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे शिकलेला हा माणूस आधुनिक पाश्चात्त्य धर्तीच्या रचना करत होता, आणि दूरदर्शनवरच्या ‘भारत एक खोज’चं संगीतही त्यांचंच. त्या मालिकेच्या सुरुवातीचं नासदीय सूक्त ऐकून वाढलेल्या माणसाला ‘हे समकालीन संगीत मला नवीन आहे’ असं म्हणायची सोय उरत नाही.

मग हे लोक आहेत कुठे? मित्रांच्या यादीत नाहीत. तुम्ही ज्याला प्रेक्षक म्हणून शोधताय, तो आधीच कुठेतरी नियमाने बसलेला असतो. गल्लोगल्ली तबल्याचे वर्ग आहेत, आणि आड-कुआडाच्या अवघड लयींचा घाम काढलेली मध्यमा-विशारद परीक्षांची मुलं नव्या लयीच्या संगीताचा सगळ्यांत तयार श्रोता आहेत. या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय तर वाशीतच आहे. पियानो-व्हायोलिनच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं घोडबंदर रोडच्या टॉवरांत आणि नेरुळ-सीवूड्सला भरपूर. त्यांनी विसाव्या शतकातला संगीतकार बार्टोक वाजवलेला असतो, पण बार्टोकची कुणी मैफल ऐकवलेली नसते. नवी मुंबईत कर्नाटक संगीताचा जाणता वर्ग आहे, तो तालाच्या हिशेबात आपल्याला चार पावलं पुढे. आणि प्रायोगिक नाटकांचा प्रेक्षक! सत्तरच्या दशकात दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात जी नाटकं झाली त्यांना हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहाची गरज नव्हती. त्या प्रेक्षकाने भास्कर चंदावरकरांचं ‘घाशीराम’चं संगीत ऐकलेलं आहे. त्याला विचित्र आवाजाची भीती नाही, फक्त संगीतवाले त्याला बोलवायला विसरतात.

बोलावणं मात्र गुरूमार्फत गेलं पाहिजे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं पोस्टर टाकून भागत नाही. सरांना भेटा, त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना कार्यक्रमात घ्या. त्यासाठी अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या ‘इन सी’सारखी रचना दुसरी मिळायची नाही. 1964 सालची, एका पानात मावणारी. 53 छोटे तुकडे. कुठलंही वाद्य चालतं, कितीही माणसं चालतात. प्रत्येकाने तुकडा हवा तितक्या वेळा वाजवायचा आणि वाटेल तेव्हा पुढच्यावर जायचं, फक्त बाकीच्यांपासून दोन-तीन तुकड्यांहून जास्त लांब पडायचं नाही. एक जण वरच्या षड्जावर लय धरून राहतो.

हे ठाण्यात कसं जमेल? अगदी सहज. ‘सी’ म्हणजे आपली पांढरी एक. हार्मोनियमवाल्याला कसला त्रास नाही, मध्ये तीव्र मध्यम लागतो, पुढे कोमल निषाद येतो, एवढंच. पाश्चात्त्य नोटेशन न वाचणाऱ्यांना तालमीपुरते ते तुकडे सरगममध्ये लिहून द्या. बासरी, व्हायोलिन, दोन हार्मोनियम, एक संतूर, कीबोर्ड शिकणारी चार मुलं, एखादी गाणारी मुलगी. तालमी चार-पाच तरी हव्यात, कारण पहिल्या दोन तालमींत सगळे घाईघाईने पुढे पळतात, कुणालाच मागे राहायचं नसतं. एकदा का मुलं शेजारच्याचं ऐकून थांबायला शिकली की आवाज एकदम बदलतो. सभागृहात आई-वडील, आजी, शेजारचे, वर्गातले सोबती. त्यांना कुठलीही प्रस्तावना लागत नाही, कारण ‘आमची सानिका आता कितव्या तुकड्यावर आहे’ हे शोधण्यात ते गुंतलेले असतात. पाऊण तास जातो. अशा संध्याकाळनंतर आजीला विचारा काय ऐकलं, ती जे सांगते ते समीक्षकापेक्षा बरं असतं. आणि हो, हेच रायली 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले, हे मुलांच्या सरांना आवर्जून सांगा. सरांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

जागा. गडकरी रंगायतन डोक्यातून काढा. हजारभर खुर्च्यांत ऐंशी माणसं बसली की कलाकारही खचतो आणि श्रोताही. तुम्हाला हवी ऐंशी ते शंभर माणसांची खोली, म्हणजे ग्रंथालयाचं सभागृह, शाळेचा हॉल, घाणेकर नाट्यगृहातलं मिनी थिएटर. खुर्च्या गोलात मांडा, वादक मधे. बघायला जाल तेव्हा दिवसा जाऊ नका, कार्यक्रमाच्याच वेळी, त्याच वारी जा आणि दहा मिनिटं नुसते बसून ऐका. खाली रिक्षा स्टँड आहे का, शेजारी लग्नाचा हॉल आहे का, एसीची घरघर किती. पंख्यांचा प्रश्न सगळ्यांत मोठा. आपल्याकडे वर्षातले आठ महिने पंखा बंद केला तर माणसं बेशुद्ध पडतील, आणि चालू ठेवला तर चेलोचा हळुवार स्वर त्यात वाहून जातो. म्हणून थंडीचे दिवस. त्यातही नोव्हेंबर-डिसेंबरात गांधर्वच्या परीक्षा, डिसेंबरात गंभीर श्रोते पुण्याला सवाईला पळालेले, फेब्रुवारीत बारावी. उरतो जानेवारी, तोही संक्रांतीनंतरचा. शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू, सव्वासातला संपलं, मध्यंतर नाही. ठाणे-वाशी लोकलने येणारा माणूस जेवायला घरी पोचला पाहिजे. रविवार ठेवलात तर मेगाब्लॉक बघा, नाही तर तुमचा चेलो कुठेतरी मधल्या स्टेशनात अडकायचा.

दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, प्रायोजकांचं मनोगत, यातलं काहीही नको. शाल-श्रीफळात अर्धा तास गेला की श्रोत्याचे ताजे कान गेले. प्रायोजक मिळत असेल आणि त्याला भाषण करायचं असेल, तर प्रायोजक सोडा.

तिकीट ठेवा. शंभर-दीडशे रुपये, विद्यार्थ्यांना निम्मं. मोफत प्रवेशिका घेतलेला माणूस पाऊस पडला तर येत नाही, आणि पाऊस नसला तरी येत नाही.

केज यांची ‘4 मिनिटं 33 सेकंद’ (1952), म्हणजे ज्यात वादक काहीच वाजवत नाही ती, पहिल्या कार्यक्रमात ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर ‘दीडशे रुपयांत शांतता’ एवढाच विनोद उरतो. तिची खरी तयारी घराबाहेर होते. नवी मुंबईत पहाटे फिरायला जाणारी माणसं भरपूर. त्यांतल्या पंधरा-वीस जणांना घेऊन वाशीच्या मिनी सीशोरला किंवा नेरुळच्या खाडीकडेला तासभर न बोलता चालायचं, फक्त ऐकत. भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा. लांबून हार्बरची गाडी, पुलावरची वाहनं, चिखलातले पक्षी, बाकावरचा हास्यक्लब. शेवटी बाकावर बसून प्रत्येकाने ऐकलेले तीन आवाज सांगायचे. कॅनडात संगीतकार मरी शेफर आणि त्यांच्या साथीदारांनी ही पद्धत रुजवली. खर्च शून्य. या माणसांना नंतर सभागृहात बोलवा, त्यांच्यासमोर केज चालतो.

आता इन्स्टाग्राम. जाहिरातीवर पैसे टाकू नका, त्यातून लाइक येतात, माणसं येत नाहीत. बारा मात्रांच्या टाळ्यांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ करा, ‘जमतंय का बघा’ एवढंच लिहा आणि तबल्याच्या सरांना पाठवा. पोस्टर मराठीत. त्यावर किती मिनिटं, किती वादक, कुठलं स्टेशन, चहा आहे, हे ठळक. ‘अनोखा सांगीतिक प्रवास’ वगैरे अजिबात नको. कार्यक्रमानंतर चहा द्याच, वादकांनी श्रोत्यांत मिसळून उभं राहा आणि वाद्य हातात घेऊ द्या. वहीत नाव-नंबर घ्या. एकूण किती आले यापेक्षा दुसऱ्यांदा कोण आले ते मोजा. तो आकडा वाढत असेल तर तुमचं बरं चाललंय, मग सभागृहात चाळीसच माणसं का असेनात.

राहता राहिली परवानगी. आपल्या कायद्याने रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. बार्टोक 1945 ला गेले, त्यांचं संगीत मोकळं आहे. राइश आणि रायली हयात आहेत, केज 1992 ला गेले, ग्रिझे 1998 ला. त्यांच्यासाठी प्रकाशकाकडे विचारणा करावी लागते, स्वरलिपी विकत किंवा भाड्याने घ्यावी लागते, आणि रेकॉर्डिंग जाहीरपणे वाजवायचं तर त्याचा परवाना वेगळा. छोट्या सभागृहासाठीचं शुल्क बहुतेकदा परवडतं, पण उत्तराला वेळ लागतो. म्हणून जानेवारीच्या कार्यक्रमाचा मेल गणपतीच्या आधी गेला पाहिजे, सभागृहाची तारीख त्यानंतर घ्या.